युद्धकाळातील व्यंगचित्रे आणि अ‍ॅनिमेशन: जतन नेमके कशाचे करायचे?

शाईदौत (धागालेखक)

गेल्या महिन्यात गावाकडच्या घराची आवराआवर करताना माझ्या आजोबांची लाल कापडी बांधणीची एक खतावणी हाती आली. १९४२ ते १९४५ या काळात वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत आलेली युद्धविषयक व्यंगचित्रे कापून त्यांनी तिच्या पानांवर खळीने चिकटवली आहेत. कागद तपकिरी पडला आहे, कडा बोट लावताच तुटतात आणि काही ठिकाणी कसरीने चित्रापेक्षा खळीवरच अधिक ताव मारलेला दिसतो. ही कात्रणे सोडवून वेगळी ठेवावीत की खतावणी आहे तशीच राहू द्यावी, एवढाच माझा प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता मी विन्झर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकारापर्यंत पोहोचलो आणि प्रश्नच मोठा होऊन बसला.

७ मे १९१५ रोजी यू-२० या जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले आणि ११९८ माणसे प्राणांस मुकली. त्या घटनेचे चलत्‌चित्रण कोणाजवळही नव्हते. ते आपण हाताने काढावे असे मॅके यांच्या मनाने घेतले. त्या वेळी ते विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांत नोकरीला होते. हर्स्ट यांचा अमेरिकेने युद्धात उतरण्याला विरोध होता आणि मॅके यांना अग्रलेखांसोबत त्याच धोरणाची चित्रे काढून द्यावी लागत. म्हणजे दिवसा मालकाच्या मताची चित्रे आणि उरलेल्या वेळात, पदरचे पैसे घालून, नेमका उलट सांगणारा चित्रपट, असा हा प्रकार होता. दोन साहाय्यकांना हाताशी धरून त्यांनी हे काम २२ महिने चालवले. चित्रपट पडद्यावर आला तो जुलै १९१८ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरून सव्वा वर्ष लोटल्यावर आणि युद्ध संपायला चारच महिने उरले असताना.

तंत्राच्या दृष्टीनेही हा चित्रपट महत्त्वाचा आहे. १९१४ च्या ‘गर्टी’ या डायनासोरच्या चित्रपटासाठी मॅके यांनी पातळ कागद वापरले होते आणि मागचे डोंगर, तळे, झाड हे सारे त्यांचा तरुण साहाय्यक जॉन फिट्झसिमन्स प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा गिरवत असे. ‘लुसिटानिया’साठी त्यांनी प्रथमच सेल्युलॉइडचे पारदर्शक तक्ते, ज्यांना पुढे ‘सेल’ हे नाव रूढ झाले, वापरले. त्यामुळे समुद्र एका थरावर, जहाज दुसऱ्या थरावर आणि धूर तिसऱ्या थरावर ठेवता आला. त्या धुराच्या लोटांत आणि पाण्याच्या करड्या छटांत वर्तमानपत्रासाठी झरझर चित्रे काढणारा कसलेला हात स्पष्ट ओळखू येतो.

आता या साऱ्याचे पुढे काय झाले ते पाहा. आपली मूळ चित्रे छपाईनंतर परत मिळालीच पाहिजेत असा मॅके यांचा आग्रह असे, आणि म्हणून १९३४ मध्ये ते वारले तेव्हा घरात चित्रांचा मोठा साठा होता. त्यातला बराच भाग त्या दशकाच्या अखेरीस आगीत जळाला. उरलेला मुलाने सांभाळला, पण अडचणीच्या वेळी कुटुंबाने त्यातली काही चित्रे विकलीही. चित्रपटांची रिळे मुलाच्या एका स्नेह्याच्या गॅरेजमध्ये जाऊन पडली आणि त्यांतली पुष्कळशी कुजून गेली. जी वाचली त्यांच्या आधारे १९६७ च्या सुमारास माँट्रियलमध्ये मॅके यांचे काम पुन्हा लोकांसमोर आले. ‘लुसिटानिया’ला २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले.

सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. तथापि, माझ्या मनात एक कुसळ राहिले आहे. वाचला तो चित्रपट, म्हणजे चित्रांची छायाचित्रे. मूळ सेलवरचे खाडाखोडीचे ठसे, एकावर एक ठेवण्यासाठी पाडलेली भोके, शाईचा दाट-पातळपणा, चुकलेली आणि बाजूला टाकलेली चित्रे, हे छायाचित्रात उतरत नाही. माझे म्हणणे असे की अ‍ॅनिमेशनच्या जतनात पहिला मान रेखाटनांना आणि सेलना मिळायला हवा, फितीला नंतर. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

रिळेवाला

धागा उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चित्रपटांची फीत नायट्रेटची असे. ती स्वतःच प्राणवायू पुरवत जळते, म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आणि आग लागली नाही तरी ती आपोआप विघटित होत जाते. प्रथम चित्र फिकट होते, मग फीत चिकट होते, त्यानंतर रिळाचा एकच गोळा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. नंतर आलेली अ‍ॅसिटेटची फीत ‘सुरक्षित’ म्हणून विकली गेली, परंतु तिलाही काही दशकांत व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती आकसते. कागदावरचे रेखाटन कपाटात पन्नास वर्षे निमूटपणे पडून राहू शकते. नायट्रेटचे रीळ तेवढी वाट पाहत नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथल्या १०,९१९ मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्केच मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. पैसे मोजके असतात, माणसे त्याहून मोजकी. अशा वेळी आधी जळणारी वस्तू बाहेर काढावी, हा घराला आग लागल्यावर पाळायचा नियम इथेही लागू आहे.

शिवाय मॅके यांचे काम ‘चित्रे’ हे नव्हतेच. ती चित्रे एकामागून एक पाहिल्यावर डोळ्यांना जे दिसते ते त्यांचे काम होते. पंचवीस हजार सेल एका खोलीत रचून ठेवले तर ‘लुसिटानिया’ बुडताना दिसणार नाही.

संशयात्मा

या पंचवीस हजारांबद्दल थोडे बोलू द्या, कारण हा आकडा सगळीकडे डोळे मिटून दिला जातो. चित्रपट साधारण १२ मिनिटांचा आहे. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चौकटी धरला तर एकूण सुमारे साडेअकरा हजार चौकटी होतात, आणि त्यांतही सुरुवातीचा बराच भाग मॅके यांचे प्रत्यक्ष चित्रीकरण, पाट्या आणि बुडालेल्या प्रसिद्ध प्रवाशांची छायाचित्रे यांनी व्यापलेला आहे. मग पंचवीस हजार चित्रे गेली कुठे? थरांची संख्या हिशेबात घेतली तर आकडा वाढतो हे खरे, पण दुसरीकडे लाटांची मालिका पुन्हा पुन्हा वापरली असल्याने तो घटतोही. हा आकडा चित्रपटातल्या पाटीवरच दिलेला आहे, आणि मॅके हे रंगमंचावर खडूने झटपट चित्रे काढून टाळ्या घेणारे गृहस्थ होते हे विसरू नये. जाहिरात करणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता.

तीच गोष्ट दुसऱ्या टॉर्पेडोची. चित्रपटात जहाजावर दोन टॉर्पेडो सोडलेले दाखवले आहेत. पाणबुडीच्या नोंदवहीप्रमाणे सोडला गेला तो एकच; दुसरा स्फोट जहाजाच्या पोटात झाला. जहाजात बंदुकीच्या काडतुसांच्या सुमारे ४२०० पेट्या होत्या, याचा चित्रपटात उल्लेखही नाही. अखेरीस मूल हाताशी धरून बुडत जाणारी आई मात्र कोणी विसरू शकत नाही. असा चित्रपट जपताना त्यातले असत्यही आपण जपत असतो, याची जाणीव ठेवलेली बरी.

शाईदौत

रिळेवाला, आगीचा दृष्टान्त मान्य आहे. मात्र संशयात्मांच्या प्रतिसादाने नकळत माझीच बाजू बळकट केली आहे. आकडा खरा की फुगवलेला, याचा निकाल चित्रपट पाहून लागणार नाही. सेल आणि त्यांवरचे क्रमांक हाताशी असते तर लागला असता.

कोलंबसकर

मी ओहायोतील कोलंबस शहरात राहतो. इथल्या विद्यापीठात बिली आयर्लंड यांच्या नावाने व्यंगचित्रांचे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. १९७७ मध्ये त्याची सुरुवात झाली ती मिल्टन कॅनिफ यांनी आपल्या या जुन्या विद्यापीठाला दिलेल्या कागदपत्रांतून. या धाग्याच्या विषयाशी कॅनिफ यांचा अगदी जवळचा संबंध आहे: दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांच्या छावण्यांतील वृत्तपत्रांसाठी ‘मेल कॉल’ ही चित्रमालिका एक पैसाही न घेता चालवली, आणि त्यांच्या ‘टेरी’ मालिकेतील १७ ऑक्टोबर १९४३ चे रविवारचे पान तर अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीत समाविष्ट करण्यात आले.

परंतु मला सांगायचे आहे ते बिल ब्लॅकबिअर्ड यांच्याविषयी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या या गृहस्थांना वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांचा इतिहास लिहायचा होता. त्यासाठी जुने अंक पाहू लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले की देशभरातील ग्रंथालये अंकांची मायक्रोफिल्म काढून घेत आहेत आणि जागा अडते म्हणून मूळ बांधीव खंड रद्दीत काढत आहेत. ते खंड मागायला गेल्यावर व्यक्तीला देता येत नाहीत असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी १९६८ मध्ये एक ना-नफा संस्थाच स्थापन केली, आणि तिचे कार्यालय, गोदाम व वाचनालय म्हणजे त्यांचे राहते घर! पुढची तीस वर्षे ते रद्दी गोळा करत राहिले. शेवटी १९९७-९८ मध्ये हा संग्रह इथल्या विद्यापीठाने घेतला तेव्हा सहा मोठे ट्रक भरून सुमारे ७५ टन कागद आला आणि त्यात अंदाजे २५ लाख कात्रणे व पाने होती.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की मायक्रोफिल्म काळी-पांढरी होती. मॅके यांचा ‘लिटल निमो’ १५ ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये रविवारी पूर्ण पानभर रंगीत येत असे. त्या स्वप्नांतली जांभळी संध्याकाळ मायक्रोफिल्मवर राखाडी डाग होऊन उरते. ग्रंथालयांनी ‘मजकूर’ जपला आणि चित्र घालवले. तेव्हा आमच्याकडे प्रत आहे, मूळ फेकायला हरकत नाही, असे कोणी म्हणू लागले की मला त्या ट्रकांची आठवण होते.

वाचनकक्षात एकदा मी कॅनिफ यांचे मूळ पान पाहिले आहे. छापील चित्रात सपाट काळी दिसणारी सावली मुळात कुंचल्याच्या दोन-तीन हातांनी भरलेली होती आणि कडेला निळ्या पेन्सिलीच्या रेषा तशाच होत्या. शाईदौत यांच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला होता.

पूर्वाई

जपानचे आणि अर्जेंटिनाचे उदाहरण दिल्याशिवाय ही चर्चा एकांगी राहील.

आधी अर्जेंटिना. किरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये ‘एल अपोस्तोल’ हा राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांची टर उडवणारा चित्रपट कापलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांतून केला. तो जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट मानला जातो. त्यापाठोपाठ १९१८ मध्ये त्यांनी जर्मन मुत्सद्दी लुक्सबर्ग यांच्या कारस्थानावर चित्रपट काढला. अर्जेंटिनाची जहाजे मागमूस न ठेवता बुडवावीत, अशी त्या मुत्सद्द्याची गुप्त तार उघडकीस आली होती, म्हणून चित्रपटाचे नावही ‘सिन देहार रास्त्रोस’, अर्थात ‘मागमूस न ठेवता’ असे होते. तटस्थ राहू पाहणाऱ्या सरकारने तो जप्त केला आणि त्याचा खरोखरच मागमूस राहिला नाही. ‘एल अपोस्तोल’ १९२६ मध्ये निर्मात्याच्या स्टुडिओला लागलेल्या आगीत गेला. क्रिस्तियानी यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत १९५७ आणि १९६१ मध्ये आगी लागल्या. त्यांच्या साऱ्या कामातून आज एक लघुपट तेवढा उरला आहे.

जपानची कथा याच्या उलट आहे. जपानी नौदल मंत्रालयाच्या आज्ञेवरून मित्सुयो सेओ यांनी दोन चित्रपट केले. १९४३ च्या ३७ मिनिटांच्या पहिल्या चित्रपटात लोककथेतला मोमोतारो माकड, कुत्रा, तितर अशा प्राण्यांची फौज घेऊन दैत्यांच्या बेटावर, म्हणजे उघडउघड हवाईवर, विमानहल्ला करतो. दुसरा, ७४ मिनिटांचा, ‘मोमोतारो: उमि नो शिनपेइ’, १२ एप्रिल १९४५ रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी शहरे बाँबहल्ल्यांनी उद्‌ध्वस्त झाली होती आणि ज्यांच्यासाठी तो केला ती मुले खेड्यापाड्यांत हलवली गेली होती. ओसाकातील जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात तो पाहणाऱ्यांत सोळा वर्षांचा ओसामु तेझुका होता. डोळ्यांत पाणी आले आणि आपणही एक दिवस असा चित्रपट करायचा असे ठरवले, असे त्याने पुढे सांगितले आहे. जपानी अ‍ॅनिमेशनचा पुढचा सारा प्रवाह ज्याच्या हातून वाहिला, त्याच्या इच्छेचा उगम एका लष्करी प्रचारपटात आहे.

शरणागतीनंतर असे चित्रपट नष्ट झाले असे धरून चालले होते, आणि या चित्रपटाचाही त्यात समावेश होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी शोचिकु कंपनीच्या गोदामात त्याची निगेटिव्ह मिळाली, १९८४ मध्ये तो पुन्हा दाखवला गेला आणि २०१६ मध्ये पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात झळकली. या दरम्यानच्या सुमारे चाळीस वर्षांत जपानी अ‍ॅनिमेशनचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा चित्रपट आठवणींवरच सांगावा लागला. मला वाटते, रेखाटन की फीत या वादापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. युद्धकाळातले चित्रपट कुजतात त्याहून अधिक ते लपवले जातात: जिंकलेला लाजेने लपवतो, हरलेला भीतीने.

ठसठशीत

पूर्वाई यांच्या प्रतिसादातील शेवटच्या वाक्यावर मला विचारायचे आहे. लपवणे नेहमीच चूक असते का? त्याच युद्धात अमेरिकन स्टुडिओंनी काढलेली जपानी माणसे पाहा: दात पुढे, जाड चष्मा, पिवळे कातडे. बग्ज बनीचा १९४४ चा एक लघुपट १९९० च्या दशकात घरगुती संचात आला तेव्हा जपानी वंशाच्या अमेरिकनांनी निषेध केला आणि तो मागे घेण्यात आला. ज्यांच्या आईवडिलांना त्याच काळात कुंपणाआड डांबले होते, त्यांना हे ‘इतिहासाचे जतन’ म्हणून गोड मानून घ्या असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते.

पूर्वाई

निषेध योग्यच होता, कारण तो लघुपट मुलांच्या करमणुकीच्या संचात, कोणतीही पूर्वसूचना न देता घातला होता. जपणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डिस्नेच्या ‘डर फ्यूररज फेस’चे उदाहरण घ्या. डोनाल्ड डक स्वप्नात हिटलरच्या कारखान्यात बाँबगोळे घडवतो, अशी ती १ जानेवारी १९४३ ची चित्रफीत. तिला ऑस्कर मिळाले, आणि तरीही कंपनीने ती अनेक दशके घरगुती बाजारात आणली नाही. २००४ मध्ये युद्धकाळातील इतर प्रचारपट आणि प्रशिक्षणपट यांच्यासोबत, प्रौढ संग्राहकांसाठी, चित्रपट-इतिहासकार लेनर्ड मॉल्टिन यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. दंश तसाच राहिला, पण तो कोणत्या जागी आणि का आहे हे पाहणाऱ्याला कळले. जपानी मोमोतारोमध्येही दैत्यांचा एक दारुडा नायक हुबेहूब पॉपायच्या मालिकेतील ब्लूटोसारखा काढला आहे. दोन्ही बाजूंची चित्रे शेजारी ठेवून पाहता आली, तरच शत्रूला विद्रूप करण्याचे कसब एकमेकांकडूनच कसे उचलले जात होते ते दिसते.

रिळेवाला

मालकीचा मुद्दा इथे यायलाच हवा. अमेरिकन लष्कराने १९४३ ते १९४५ या काळात ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाची लघुपटमालिका केवळ सैनिकांसाठी काढली. एक मूर्ख शिपाई गुपिते फोडतो, मच्छरदाणी वापरत नाही, आणि त्याचे परिणाम भोगतो, असे त्याचे सूत्र असे. कल्पना फ्रँक काप्रा यांच्या विभागाची, लेखनात पुढे डॉ. स्यूस या नावाने बालसाहित्यात अजरामर झालेले थिओडोर गायझेल, दिग्दर्शनात चक जोन्स आदी मंडळी आणि आवाज मेल ब्लँक यांचा, असा तो दुर्मीळ योग होता. सर्वसामान्यांना ती मालिका तेव्हा पाहायलाच मिळाली नाही. आज मात्र ती कोणीही पाहू शकतो, कारण सरकारी काम असल्याने तिच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही आणि प्रती राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. याउलट, मालकाच्या तिजोरीत असलेले पुष्कळसे युद्धपट मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले. शाईदौत यांनी आपल्या कात्रणांबाबतही हे ध्यानात ठेवावे: आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे स्वतःसाठी स्कॅन करून ठेवणे निराळे आणि ते जालावर टाकणे निराळे.

कागदकाम

मी एका ग्रंथालयात कागदसंवर्धनाचे काम करते, म्हणून खतावणीच्या प्रश्नावरच बोलते; तो मागे पडला आहे.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन प्रकाशाने आणि हवेने आम्ल निर्माण करते, आणि ते आम्ल कागदाचे तंतू तोडते. खतावणीचा जुना चिंध्यांचा कागद बहुधा यापेक्षा कितीतरी चांगला असेल. म्हणून कात्रणे सोडवण्याचा मोह आवरा. ओलसर करून सोडवताना कमकुवत कागद फाटतो आणि जुन्या छपाईची शाई पसरते. पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, खतावणी आडवी ठेवा, लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांना घरात येऊ देऊ नका. कसरीसाठी डांबराच्या गोळ्यांपेक्षा कोरडी, हवेशीर जागा अधिक उपयोगी पडते. स्कॅन करताना खतावणी काचेवर उपडी दाबू नका, वरून छायाचित्र घ्या, आणि कोरी पानेही टिपा.

सेलबद्दलही थोडे. युद्धापूर्वीच्या आणि युद्धकाळातल्या स्टुडिओंत वापरून झालेले सेल धुऊन पुन्हा वापरत असत, त्यामुळे ते मुळातच कमी उरले. डिस्नेचे जे उरले त्यांतले पुष्कळ १९३८ नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हझिए या कलादालनामार्फत विकले गेले म्हणून उरले. तिथे ते कापून, दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवून विकत. वाचले हे खरे, पण आपल्या दृश्यापासून तुटून वाचले. सेलचा पातळ तक्ता कालांतराने आकसतो आणि त्यावरचा रंग पोपडे होऊन सुटतो. गेटी संवर्धन संस्था आणि डिस्नेच्या संग्रहातील तज्ज्ञांनी मिळून यावर बरीच वर्षे संशोधन केले असून, नियंत्रित दमटपणात ठेवल्यास काही सुटलेले रंग पुन्हा जागी बसू शकतात असे त्यांना आढळले आहे. एरवी दमटपणा आमचा शत्रूच, म्हणून हे वाचून मला गंमत वाटली होती.

अवांतर वाटेल, पण सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या वाचनालयातून आम्हाला निरोप आला की स्वातंत्र्यपूर्व नियतकालिकांचे बांधीव खंड घेऊन जा. वाहन मिळवायला आम्हाला चार दिवस लागले. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंतीवर खंडांच्या उंचीएवढा फिकट पट्टा तेवढा होता. रद्दीवाला आदल्या दिवशी येऊन गेला होता. ब्लॅकबिअर्ड यांचे ट्रक वाचून मला तो पट्टा आठवला.

नाशिकची_द्राक्षे

दादासाहेब फाळके यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून करतो. ज्या १९१५ साली ‘लुसिटानिया’ बुडाली, त्याच साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट टिपत सरकवायच्या आणि त्यांच्या आकृत्या तयार होताना दाखवायच्या, असे ते काम. १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन लंडनला गेले असताना युद्ध सुरू झाले, परतल्यावर भांडवलदारांनी हात आखडता घेतला, आणि अशा ओढाताणीच्या काळातला हा प्रयोग आहे. तो आज पाहायला मिळत नाही. इथे तर ‘मूळ’ म्हणजे काय हा प्रश्नच विलक्षण आहे, कारण रेखाटने नव्हतीच. काड्या होत्या, त्या चित्रीकरणानंतर बहुधा चूल पेटवायला गेल्या असतील. फीत गेली की सारे गेले.

फाळक्यांचे जे थोडे वाचले त्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांची चिकाटी आहे. संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षे उलटल्यावर. तोवर कितीतरी रिळे त्यांतल्या चांदीसाठी वितळवली गेली होती. आणि जे संग्रहात सुखरूप पोहोचले, त्यातलाही नायट्रेटचा मोठा साठा जानेवारी २००३ च्या आगीत गेला, हे पुणेकरांना सांगायला नको.

कोलंबसकर

काड्यांच्या मुद्द्यावरून कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील नॉर्मन मॅकलारेन आठवले. १९४१ पासून त्यांनी युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी जे छोटे चित्रपट केले त्यांतले काही, उदाहरणार्थ ‘व्ही फॉर व्हिक्टरी’, कॅमेऱ्याशिवाय थेट फितीवर शाईने काढलेले आहेत. इथे फीत हेच रेखाटन. शाईदौत आणि रिळेवाला या दोघांनाही एकाच डब्यासमोर हात जोडावे लागतील.

शाईदौत

हात जोडले. रेखाटनांना सरसकट पहिला मान द्यावा हे माझे विधान मी मागे घेतो. काय मूळ आहे ते प्रत्येक कामाच्या घडणीवरून ठरवावे लागेल, आणि नायट्रेटपुढे वाद घालत बसायला वेळ नसतो हे पटले.

कागदकाम यांच्या सूचनेप्रमाणे रविवारी वरून छायाचित्रे घ्यायला बसलो. एकूण ११२ पाने झाली. कात्रणे सोडवली असती तर एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असती. आजोबांनी कोरी वही वापरलेली नाही, चालू खतावणीच वापरली आहे. डावीकडे टोजोचे चित्र आहे आणि त्याच्या फाटलेल्या कोपऱ्याखालून त्यांच्या मोडी अक्षरातला जमाखर्च डोकावतो. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याला मी ते पान पाठवले. त्याने वाचून सांगितले: रॉकेल दोन बाटल्या, साखर मिळाली नाही, कागद अर्धा दस्ता, आणि शेवटच्या ओळीत, ‘खळ’.